नमुना २०: ‘इतर’ या फाकेतले पक्ष गावपातळीवर दाखवणारा तक्ता

निकालाच्या रात्री राज्यातल्या मतांच्या टक्केवारीचे वर्तुळ सगळीकडे फिरते. मोठ्या पक्षांना त्यात आपापली फाक असते आणि उरलेल्यांना मिळून एकच, ‘इतर’. २०२४ च्या विधानसभेत सांगोला जिंकणारा शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), डहाणू राखणारा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप), शाहूवाडी आणि हातकणंगले घेणारा जनसुराज्य शक्ती पक्ष, गंगाखेडचा राष्ट्रीय समाज पक्ष, मालेगाव मध्यची एमआयएम हे सगळे राज्याच्या हिशेबात एक-दीड टक्क्याच्या आतले. पण सांगोल्यात राहणाऱ्या माणसाला शेकाप ‘इतर’ आहे, हे पटणार नाही. लहान पक्षाचा पाठिंबा राज्यभर पातळ पसरलेला नसतो. तो एखाद्या तालुक्यात, एखाद्या खोऱ्यात, एखाद्या कारखान्याच्या कार्यक्षेत्रात साठलेला असतो. तो साठा नेमका कुठे आहे हे दाखवणारे अधिकृत आणि फुकट साधन म्हणजे नमुना २०, मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर ते पीडीएफ रूपात मिळते. या सेवेचे हे परीक्षण.

मत आधीच सांगून टाकतो. आतला ऐवज अमूल्य आहे. तो ज्या रूपात हाती पडतो ते रूप मात्र वापरणाऱ्याचे दोन-तीन दिवस खाते. ते दिवस कुठे जातात आणि कसे वाचवता येतात, यावरच पुढे जास्त लिहिले आहे.

तक्त्यात काय असते

निवडणूक संचालन नियम, १९६१ मध्ये हा नमुना ठरवून दिलेला आहे. प्रत्येक ओळ म्हणजे एक मतदान केंद्र. ओळीत केंद्राचा क्रमांक, प्रत्येक उमेदवाराला त्या केंद्रावर मिळालेली मते, एकूण वैध मते, नाकारलेली मते, नोटा, एकूण आणि शेवटी प्रदत्त मते (आपल्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेले असेल तर खऱ्या मतदाराला जी कागदी मतपत्रिका देतात, ती). सगळ्या ओळी संपल्या की तळाशी तीन बेरजा: यंत्रांवरची मते, टपाली मते आणि दोन्ही मिळून. लोकसभेला याचे दोन भाग होतात. पहिल्यात विधानसभा क्षेत्रनिहाय केंद्रांचे आकडे आणि दुसऱ्यात सगळ्या विधानसभा क्षेत्रांची गोळाबेरीज.

आता काय नसते ते. ठरवून दिलेल्या नमुन्यात उमेदवाराच्या नावापुढे पक्षाचा रकाना नाही. मतदान केंद्राचे नाव नाही, फक्त क्रमांक. केंद्रावर नोंदलेले मतदार किती, हेही नाही, त्यामुळे मतदानाची टक्केवारी यातून एकट्याने निघत नाही. लहान पक्षाचा अभ्यास करणाऱ्याला नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. म्हणून नमुना २० एकटा उघडून बसणे व्यर्थ आहे. त्याच्या जोडीला दोन कागद आधी मिळवावेत: नमुना ७-अ, म्हणजे निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची यादी, आणि त्याच निवडणुकीची मतदान केंद्रांची यादी.

निवडणूक आयोगाचे निकाल पोर्टल आणि सांख्यिकी अहवाल यांची गल्लत नमुना २० शी करू नये. पोर्टलवर उमेदवारवार यंत्राची मते, टपाली मते, एकूण आणि टक्के लगेच दिसतात. सांख्यिकी अहवाल १९५१ पासूनचे आहेत. अशोका विद्यापीठाच्या त्रिवेदी केंद्राचे ‘लोकढाबा’ तर उमेदवारवार निकाल थेट तक्त्याच्या फाइलमध्ये देते आणि ते काम फार चोख आहे. पण या तिन्हींचे सर्वांत लहान माप म्हणजे मतदारसंघ. त्याच्या आत उतरायचे तर नमुना २० ला पर्याय नाही.

मतदारसंघाची टक्केवारी का पुरत नाही

एक काल्पनिक हिशेब मांडून बघा. दोन मतदारसंघ, दोन्हीकडे ३०० केंद्रे, २ लाख वैध मते आणि एका लहान पक्षाला १२,००० मते. दोन्हीकडे ६ टक्के. पहिल्या मतदारसंघात प्रत्येक केंद्रावर सरासरी ४० मते आहेत. दुसऱ्यात ४५ केंद्रांवर प्रत्येकी सुमारे २०० आणि बाकीच्या २५५ केंद्रांवर प्रत्येकी जेमतेम १२. सरासरी केंद्रावर ६६७ मते पडतात हे धरले तर त्या ४५ केंद्रांवर पक्षाकडे ३० टक्के मते आहेत. पहिल्या पक्षाला अनामत जप्त होण्यापलीकडे काही दिसत नाही (वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मिळाली नाहीत तर ती जाते). दुसऱ्याची अनामतही जाईल, पण ती ४५ केंद्रे सलग गावांची असतील तर जिल्हा परिषदेचा एखादा गट तो पक्ष जिंकू शकतो. पोर्टलवर हे दोघे सारखेच दिसतात.

राज्यस्तरीय मान्यतेचे निकषही पसरलेल्या पक्षाला सोयीचे आहेत. विधानसभेच्या वाटेने जायचे तर राज्यात ६ टक्के मते आणि २ आमदार हवेत, किंवा एकूण जागांच्या ३ टक्के, म्हणजे २८८ मध्ये ९ जागा, किंवा नुसती ८ टक्के मते. एका पट्ट्यात कितीही घट्ट पाय रोवलेला पक्ष यात बसत नाही. बहुजन विकास आघाडीचे २०१९ मध्ये वसई, नालासोपारा आणि बोईसर असे तीन आमदार होते, तिन्ही एकमेकांना लागून. मान्यता नसली की राखीव चिन्ह नसते आणि निवडणुकीगणिक चिन्ह बदलण्याची टांगती तलवार असते. पक्षाचा पाठिंबा दहा वर्षांत कसा हलला हे बघताना चिन्ह तेच होते का, हे आधी तपासावे.

कामाची रीत

पहिले पाऊल उमेदवारांच्या रकान्यांना पक्षाची नावे देणे. नमुना ७-अ मध्ये आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण अमान्यताप्राप्त पक्षांचे, शेवटी अपक्ष असा क्रम असतो आणि प्रत्येक गटात वर्णानुक्रम. मतदान यंत्रावर हाच क्रम असतो. नमुना २० मधले रकाने बहुधा त्याच क्रमाने येतात, पण ‘बहुधा’वर विसंबू नये. पहिल्या आणि शेवटच्या रकान्याचे नाव जुळवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. बहुतेक लहान पक्ष मधल्या गटात असतात, आणि एक रकाना सरकला की शेजारच्या अपक्षाची मते तुमच्या पक्षाच्या नावे पडतात. आडव्या बेरजा तरीही बरोबरच येतात, म्हणून ही चूक सगळ्यांत उशिरा सापडते.

दुसरे पाऊल पीडीएफमधले आकडे तक्त्यात आणणे. फाइल कुठल्या जातीची आहे ते आधी ओळखावे. माउसने आकडा निवडता येतो का पाहा. येत असेल तर ‘टॅब्युला’सारखे फुकट साधन पुरते, पानाचा चौकोन आखून दिला की ते ओळी-रकाने वेगळे करते. आकडे निवडता येतात पण नावे अगम्य चिन्हांत उमटतात, तेव्हा फाइल जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये आहे असे समजावे. अशा वेळी नावे ७-अ वरून हाताने लिहावीत आणि आकडे तेवढे उचलावेत. आकडे निवडताच येत नसतील तर ती स्कॅन केलेली प्रत आहे. मग अक्षर ओळखणारे सॉफ्टवेअर लागते, आणि देवनागरी अंकांत १ आणि ९, ५ आणि ४ यांची अदलाबदल, शून्याचा ठिपका किंवा रिकामी चौकट होणे, हे धरूनच चालावे. लहान पक्षाला अनेक केंद्रांवर ०, १, ९ असलीच मते असतात. मोठ्या पक्षाच्या ४१७ चे ४९७ झाले तर आकडा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. लहान पक्षाच्या १ चे ९ झाले तर तो नऊपट होतो. म्हणून स्कॅनच्या प्रतीत मोठ्या पक्षांचे आकडे यंत्राला वाचू द्यावेत, ज्या पक्षाचा अभ्यास करायचा आहे त्याचा रकाना मात्र दोघांनी बसून, एकाने वाचत आणि एकाने टाइप करत भरावा. ३४० केंद्रांचा एक रकाना असा भरायला अर्धा-पाऊण तास लागतो. त्याहून वेगवान आणि खात्रीचा मार्ग नाही.

उमेदवार जास्त असले की तक्ता आडवा दोन पानांवर जातो. यंत्राच्या एका मतपत्र युनिटवर १६ बटणे असतात, नोटा धरून. १५ पेक्षा जास्त उमेदवार आले की दुसरे युनिट लागते, आणि कागदावरही तसाच प्रकार होतो. दुसऱ्या पानावर केंद्र क्रमांक पुन्हा छापलेला नसला तर ओळी चुकतात. प्रत्येक दहाव्या ओळीला पेन्सिलीची खूण करून जुळवावे.

तिसरे पाऊल पडताळा, आणि ते वगळून काढलेल्या कोणत्याही नकाशावर विश्वास ठेवू नये. प्रत्येक ओळीची आडवी बेरीज करून ‘एकूण वैध मते’शी जुळवा. मग प्रत्येक रकान्याची उभी बेरीज करून निकाल पोर्टलवरच्या त्या उमेदवाराच्या यंत्रावरील मतांशी जुळवा, एकूण मतांशी नव्हे. टपाली मते कोणत्याही केंद्राच्या ओळीत येत नाहीत. सैनिक, निवडणूक कर्मचारी, घरून मतदान करणारे ८५ वर्षांवरचे आणि दिव्यांग मतदार ही सगळी मते तळाला एका ओळीत असतात. मालेगाव मध्यमध्ये २०२४ ला एमआयएमचा विजय १६२ मतांचा होता. इतक्या फरकात ती एक ओळ निर्णायक ठरू शकते, आणि ती कोणत्या मोहल्ल्याची हे कधीच कळत नाही.

बेरजा जुळल्या तरी मोजणीतून बाजूला ठेवलेले यंत्र आहे का, ते शोधावे. केंद्राध्यक्षाकडून सकाळच्या अभिरूप (चाचणी) मतदानाची मते पुसायची राहून गेली असतील तर ते यंत्र वेगळे काढतात. विजयाचा फरक त्या यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा जास्त असेल तर ते न मोजताच निकाल लागतो. अशा केंद्राची ओळ शून्यांची किंवा कोरी दिसते. तिला ‘शून्य पाठिंबा’ समजून नकाशात रंगवू नये, वगळावे आणि वगळल्याचे लिहावे.

चौथे पाऊल क्रमांकांना गावे देणे. इथे मतदान केंद्रांची यादी कामी येते. यादी त्याच निवडणुकीची हवी. लोकसभा आणि विधानसभेत सहा महिन्यांचे अंतर असले तरी केंद्रांचे सुसूत्रीकरण होते, मोठी केंद्रे फोडली जातात आणि पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २०२४ च्या विधानसभेला राज्यातली केंद्रे १ लाख १८६ झाली होती, शहरांत मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातही केंद्रे काढली होती. त्यामुळे लोकसभेचे केंद्र क्रमांक १५० आणि विधानसभेचे केंद्र क्रमांक १५० एकच आहेत असे मानून वजाबाकी केली तर एका गावातून दुसऱ्या गावाची मते वजा होतात. तुलना केंद्राशी केंद्राची करूच नये. आधी दोन्ही निवडणुकांची केंद्रे गावात गोळा करावीत, गावे पंचायत समितीच्या गणात, गण जिल्हा परिषदेच्या गटात. तुलना गावाची गावाशी. शहरात प्रभागाच्या सीमा स्वतःच बदलत असतात, तिथे शाळेची इमारत हे त्यातल्या त्यात टिकाऊ माप. एकाच शाळेतल्या सगळ्या खोल्यांची केंद्रे एकत्र करावीत.

टक्केवारी काढताना गटातल्या केंद्रांच्या टक्क्यांची सरासरी घेऊ नये. पक्षाच्या मतांची बेरीज भागिले वैध मतांची बेरीज, एवढेच. २५० मतांच्या पाड्यावरच्या केंद्रात पाच मते इकडची तिकडे झाली की दोन टक्के हलतात. अशी लहान केंद्रे टक्क्यांच्या यादीत सर्वांत वर आणि सर्वांत खाली दोन्हीकडे आढळतात, आणि त्यावरून ‘बालेकिल्ला’ जाहीर करण्याची घाई होते. दोन सलग निवडणुकांत वर राहणारे केंद्रच बालेकिल्ला म्हणावे.

तक्ता जिथे खरा बोलतो

याचा सर्वांत चांगला धडा नाशिक जिल्ह्यातल्या कळवण मतदारसंघात मिळतो. २००४ पर्यंत सुरगाणा हा स्वतंत्र मतदारसंघ होता आणि तो माकपचा गड. मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणाऱ्या २००८ च्या परिसीमन आदेशाने सुरगाणा आणि कळवण हे दोन तालुके एका मतदारसंघात आले आणि २००९ पासून त्यावर निवडणुका होऊ लागल्या. त्यानंतर माकपचे जे. पी. गावित २०१४ ला जिंकले, २००९, २०१९ आणि २०२४ ला जागा राष्ट्रवादीकडे गेली. नुसते निकाल वाचणाऱ्याला वाटेल की पक्षाचा पाठिंबा येतो-जातो. नमुना २० तालुक्यानुसार दोन भागांत कापा आणि मग बघा. सुरगाण्याची घाटमाथ्यावरची आदिवासी गावे आणि कळवणचा कांदा-डाळिंबाचा बागायती भाग हे वेगवेगळे राजकारण करतात. निकाल ठरतो तो दोन्हीकडच्या मतदानाच्या प्रमाणावर आणि कळवणची मते किती जणांत फुटतात त्यावर. मतदारसंघाच्या आकड्यात हे दोन्ही एकमेकांत मिसळून नाहीसे होते.

डहाणूचेही तसेच आहे. त्या मतदारसंघात तलासरी तालुका आणि डहाणू तालुक्याचा काही भाग येतो. १९४५ च्या वारली उठावाची, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या कामाची ती भूमी. २०२४ ला माकपचे विनोद निकोले इथे ५,१३३ मतांनी आले. किनाऱ्यालगतचे डहाणू शहर आणि आतला तलासरीचा पट्टा यांची केंद्रे वेगळी काढून मांडली की हा फरक कुठून आला ते दिसू लागते. माझ्या मते नमुना २० शिकायचा असेल त्याने सुरुवात इथून करावी. तालुक्यांची सीमा स्पष्ट आहे आणि पक्ष दोन्ही वेळा तोच, उमेदवारही तोच, त्यामुळे २०१९ आणि २०२४ ची तुलना स्वच्छ होते.

सांगोल्यात तुलना इतकी स्वच्छ नाही. गणपतराव देशमुख या मतदारसंघातून अकरा वेळा निवडून आले. ते थांबल्यावर २०१९ ला शेकाप ७६८ मतांनी हरला आणि २०२४ ला सुमारे २५ हजारांनी जिंकला. या दोन आकड्यांवरून पाठिंबा अचानक उसळला असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण २०२४ ला लढत तिरंगी होती आणि शिवसेनेची दोन्ही बाजूंची उमेदवारी मैदानात होती. पाहायचे ते शेकापच्या स्वतःच्या मतांचे प्रमाण, केंद्रांच्या गटवार बेरजेत. शिवाय मतदारसंघात पंढरपूर तालुक्याचाही काही भाग आहे. तो वेगळा ठेवावा.

वसईचे उदाहरण उलट्या बाजूचे. २०१५ च्या वसई-विरार महापालिकेत बहुजन विकास आघाडीने ११५ पैकी १०६ जागा घेतल्या होत्या. २०२४ च्या विधानसभेत वसईत हितेंद्र ठाकूर ३,१५३ मतांनी पडले, नालासोपारा आणि बोईसरही गेले. इथे हरलेल्या पक्षाला अजून ७४ हजारांवर मते आहेत आणि ती कुठल्या वस्त्यांत उरली आहेत, नव्या गृहसंकुलांच्या केंद्रांवर काय झाले, हा प्रश्न नुसत्या ‘सत्ता गेली’ या वाक्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे. उत्तर नमुना २० मध्ये आहे. पण महापालिकेचा आकडा त्याला जोडता येत नाही. स्थानिक निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, प्रभाग वेगळे, आणि अनेक प्रभागांत एक मतदार एकाहून अधिक मते देतो. नगरसेवकांच्या संख्येवरून विधानसभेचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही गोष्ट भिंतीवर लिहून ठेवावी.

लोकसभेच्या तक्त्याचा दुसरा भागही दुर्लक्षित राहतो. २०१९ ला औरंगाबादमध्ये इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी जिंकले, तेव्हा वंचित बहुजन आघाडी आणि एमआयएम एकत्र होते आणि अपक्ष हर्षवर्धन जाधवांनी सुमारे २ लाख ८३ हजार मते घेतली होती. सहा विधानसभा क्षेत्रांचे आकडे शेजारी ठेवले की शहरातला आणि ग्रामीण भागातला खेळ किती वेगळा होता ते एका पानावर उमगते. ज्याला केंद्रनिहाय काम झेपणार नाही त्याने निदान हे पान तरी बघावे.

जिथे तक्ता फसवतो

पक्ष लढलाच नाही, तिथे त्याचा पाठिंबा शून्य नसतो, तो मोजलेला नसतो. दिंडोरी लोकसभेत २०१९ ला माकपचा उमेदवार होता, २०२४ ला आघाडीमुळे नव्हता. सुरगाण्यातल्या केंद्रांवर २०२४ च्या लोकसभेत माकपसाठी रकानाच नाही. नकाशात अशा जागा वेगळ्या रंगाने दाखवाव्या, पांढऱ्या सोडू नयेत.

चिन्हाचा घोटाळा त्याच दिंडोरीत झाला. २०२४ ला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ हे शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे चिन्ह होते आणि एका अपक्षाला मिळालेल्या वाद्याच्या चिन्हाचे मराठी नावही ‘तुतारी’ होते. त्या अपक्षाला दिंडोरीत १ लाख ३ हजारांवर मते पडली. साताऱ्यात तशाच चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर, आणि तिथला विजयाचा फरक ३२,७७१. असल्या मतांचा केंद्रनिहाय नकाशा काढला तर तो त्या अपक्षाच्या पाठिंब्याचा नकाशा म्हणून वाचता येणार नाही. पक्षाचे नाव नवे आणि उमेदवार अनोळखी असूनही मते गावोगाव सारखी पसरलेली दिसली, तर ७-अ मधले चिन्ह तपासावे. खरा स्थानिक पाठिंबा नेहमी ओबडधोबड असतो.

उमेदवाराचे वजन आणि पक्षाचे वजन तक्ता वेगळे करून देत नाही. २०१९ ला शेकापची राज्यातली एकमेव जागा रायगड किंवा सोलापूरमधली नव्हती, नांदेडमधल्या लोह्याची होती. निवृत्त सनदी अधिकारी श्यामसुंदर शिंदे तिथे निवडून आले. हा उमेदवाराचा विजय म्हणावा, तर शेजारच्या कंधारला केशवराव धोंडगे यांच्यामुळे शेकापची जुनी परंपराही आहे. असा पेच आला की पुढच्या निवडणुकीत तोच पक्ष वेगळ्या उमेदवाराने आणि तोच उमेदवार वेगळ्या पक्षातून कुठे किती टिकतो, हे पाहिल्यावाचून निकाल देऊ नये.

आणि केंद्राच्या आकड्यावरून माणसांची जात काढणे. अमुक केंद्रावर वंचितला चाळीस टक्के मते, तिथे अमुक समाज चाळीस टक्के, म्हणून त्या समाजाने वंचितलाच मत दिले, अशी मांडणी सर्रास होते. तक्ता केंद्राची बेरीज सांगतो, मतदाराचे मत नाही. अकोल्यात, बाळापुरात अशा मांडणीने दुसऱ्या समाजांतून आलेली मते पूर्णपणे झाकली जातात.

गुप्ततेचा प्रश्न

याच तक्त्याची एक बाजू काळजीची आहे. तीनशे मतदारांच्या पाड्यावर एकच केंद्र असेल तर पाड्याने कोणाला मत दिले हे उघड होते, आणि ‘तुमच्या पाड्यातून आम्हाला चौदाच मते’ हे वाक्य पाण्याच्या टाकीच्या मंजुरीच्या वेळी ऐकवले जाऊ शकते. कागदी मतपत्रिकांच्या काळात केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय नियमात होती. यंत्रांसाठी तशी सोय करणारे ‘टोटलायझर’ निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला, केंद्र सरकारने ते स्वीकारले नाही. ते आले तर या परीक्षणातले बरेचसे काम बंद पडेल. तरीही लहान पाड्यांची केंद्रे तरी मिसळावीत, असे मला वाटते. तोवर आपल्या हातात एवढेच आहे: अभ्यास प्रसिद्ध करताना ४००-५०० मतांखालची केंद्रे शेजारच्या केंद्रात मिळवून दाखवावीत. निष्कर्ष बिघडत नाही आणि पाड्यावर बोट ठेवले जात नाही.

काय सुधारावे

मागण्या फार नाहीत. पीडीएफबरोबर तीच माहिती तक्त्याच्या फाइलमध्ये द्यावी. ती तयार करताना कुठल्यातरी संगणकावर ती तशीच असते. केंद्र क्रमांकापुढे केंद्राचे नाव आणि गावाचा संकेतांक द्यावा. उमेदवाराखाली पक्ष लिहावा. केंद्रावरचे नोंदलेले मतदार द्यावेत. आणि जुन्या निवडणुकांच्या फाइलचे दुवे संकेतस्थळ बदलले तरी टिकवावेत. तोपर्यंत, ज्या मतदारसंघात रस आहे त्याची फाइल दिसेल त्या दिवशी उतरवून घ्यावी आणि फाइलच्या नावात वर्ष, निवडणूक, मतदारसंघ क्रमांक लिहून ठेवावा. संकेतस्थळावरून येणाऱ्या फाइलला नुसत्या क्रमांकाचे नाव असले की वर्षभराने ती ओळखू येत नाही.

ज्यांना नमुना २० ची वाट पाहायची नाही, विशेषतः लहान पक्षांचे तालुका कार्यकर्ते, त्यांच्यासाठी एक जवळचा रस्ता आहे. मतमोजणी साधारणपणे १४ टेबलांवर होते, एका फेरीत १४ केंद्रे, ती क्रमांकाने ओळीत. म्हणजे ३४० केंद्रांच्या मतदारसंघात २५ फेऱ्या, आणि १५ ते २८ क्रमांकांची केंद्रे दुसऱ्या फेरीत. केंद्रांचे क्रमांक साधारण वायव्येकडून सुरू होऊन आग्नेयेकडे संपतात, त्यामुळे फेऱ्यांचा कल हा भूगोलाचाच कल असतो. पहिल्या पाच फेऱ्यांत आघाडी आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. प्रत्येक टेबलावर यंत्राचा निकाल नमुना १७-क (केंद्रावर नोंदलेल्या मतांचा हिशेब) च्या दुसऱ्या भागात लिहिला जातो आणि मोजणी प्रतिनिधीला तो टिपता येतो. आदल्या रात्री केंद्र क्रमांक, केंद्राचे नाव, गाव, गण आणि १७-क च्या पहिल्या भागातली झालेली एकूण मते आधीच भरून ठेवलेला तक्ता १४ प्रतींत छापावा. प्रतिनिधीने फक्त तीन आकडे लिहायचे: आपली मते, पहिल्या क्रमांकाची, एकूण. एकूण आकडा पहिल्या भागाशी जुळला नाही तर त्याच टेबलावर, फेरी जाहीर होण्याआधी विचारावे. संध्याकाळी बाहेर पडताना गणवार बेरीज तयार असते, आणि पुढे नमुना २० आला की त्याच तक्त्यावर ओळीओळीने टिकमार्क करत पडताळा घेता येतो.